गोड गळ्याचा खाटीक

आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात गोड गळा एका खाटकाचा होता. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग तोंड वाकडं करतात. माझी नातवंडं तर सरळ म्हणतात, "आजी, यू आर मेकिंग इट अप." म्हणून आता एकदाचं नीट लिहूनच ठेवते, म्हणजे माझ्या मागं कुणी वाद घालायला नको. सोळा वर्षांची होते मी. सकाळी पाईनच्या झाडांमधून ऊन नुकतं खाली उतरत होतं आणि जाळीपलीकडच्या फांदीवर काळ्या डोक्याचा, काळ्या छातीचा आणि पांढऱ्या पोटाचा एक पक्षी मान वर करून गात होता. बासरीवर कुणी सावकाश दोन-तीन सूर लावावेत, जरा थांबावं, विचार करावा आणि मग तेच सूर थोडे फिरवून पुन्हा लावावेत, असं ते गाणं. मी उभीच राहिले. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! आणि गाणं संपल्या संपल्या त्या महाशयांनी काय केलं, तर शेजारच्या बेचक्यात अडकवून ठेवलेला उंदीर ओढला आणि डोक्याकडून फाडायला घेतला.

ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या कॅरी गावाच्या बाहेर, शेवटचं ग्रोसरी दुकान संपल्यावर, मार्गी नावाच्या एका बाईनं उभं केलेली छोटीशी पक्ष्यांची बाग. मार्गी साठीची, उंच, कायम गमबूट घातलेली आणि माणसांपेक्षा पक्ष्यांशी जास्त बोलणारी. शाळेसाठी समाजसेवेचे ठरावीक तास भरायचे होते. बाकी मुली लायब्ररीत गेल्या, मी इथं आले. तिच्याकडे पोपट होते, करकोचे होते, पण माझा जीव जडला तो ह्या गाणाऱ्या पक्ष्याच्या ऑस्ट्रेलियातल्या जोडीवर. इंग्रजीत त्यांना चक्क खाटीक पक्षीच म्हणतात. चोच निळसर, टोकाला आकड्यासारखी वळलेली. खाणं म्हणजे किडे, सरडे, उंदीर, दुसऱ्यांची पिल्लं, जे हाती लागेल ते. आणि गंमत अशी की एवढा शिकारी, पण पाय साधे चिमणीसारखे. घारीला कसं, पंजात धरून खाता येतं. ह्याच्या पायांत ती ताकदच नाही. म्हणून तो भक्ष्य झाडाच्या बेचक्यात घट्ट अडकवतो आणि मग चोचीनं ओढून ओढून तोडतो. उरलं तर तिथंच लटकवून ठेवतो, संध्याकाळच्याला. हे सगळं मार्गीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, जेवू दे आधी."

आमचं घर शेजारच्या मॉरिसव्हिलमधलं, दोन्ही बाजूंना अगदी तसंच घर, आणि समोरही तसंच. ओळखायचं असेल तर रविवारी यावं. रविवारी सकाळी नागपूरला व्हिडिओ कॉल लावून सगळे मिळून बुद्धवंदना म्हणायचे, मोठे काका तिकडून, आम्ही इकडून, आणि त्या दोन्हींमध्ये अर्ध्या ओळीचं अंतर. कॉल संपला की कुकर चढायचा. मटणाचा मसाला आई घरीच भाजायची. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल. ठसक्यानं स्मोक अलार्म वाजायचा आणि बाबा टॉवेल हलवत त्याच्याखाली नाचायचे. एकदा मी शहाणपणा करून विचारलं होतं, की आत्ताच पंचशीलात आपण जीव मारणार नाही म्हणालो, मग हे काय? बाबांनी मोठा श्वास घेऊन काहीतरी तात्त्विक सुरू केलं. आई म्हणाली, "प्रयत्न करून राह्यलोत बाप्पा आपण. रस्सा वाढू का?" आई एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासणीचं काम करायची. तिथं काचेची नळी आणि हातमोजे, पण घरी आली की ओट्यावर सुरी-पाट नाही, खाली बसून विळीच. ती विळी तिनं नागपुराहून गोधडीत गुंडाळून सुटकेसमधून आणली होती. सुरीनं चिरलेल्या कांद्याला चव नसते हे तिचं ठाम मत होतं. मला आजही ते पटत नाही, पण मीही विळीच वापरते.

जूनमध्ये एक मोठं वादळ झालं. रात्रभर पाईन कडाडत होते. सकाळी मार्गीचा फोन आला, ये. खाटकांचं घरटं फांदीसकट खाली आलं होतं. तीन पिल्लांपैकी एकच जिवंत होतं. उघडंबोडकं, डोळे नुकते किलकिले झालेले आणि तोंड एवढं मोठं, की आधी तोंड दिसायचं, मग पिल्लू. आईबाप भेदरून वरच्या कोपऱ्यात बसले होते, खाली यायचं नावच नाही. मार्गी म्हणाली, ह्याला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला भरवावं लागेल आणि माझ्याकडे पडलेली झाडं उचलायलाही माणसं नाहीत. इथला रानपक्षी असता तर कायद्यानं घरी नेता आला नसता. हा पडला परदेशी पाहुणा. मी आईला फोन लावला. इंग्रजीत, रडत, भराभर बोलले. मग आई म्हणाली, "मराठीत सांग आणि हळू सांग." मी सांगितलं. ती म्हणाली, "काय खाते ते?" आई हो म्हणणार असली की असाच प्रश्न विचारायची.

असा तो आमच्या घरी आला, बुटाच्या खोक्यात. आईनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाली, "माय वो! काय हे ध्यान!" आणि लगेच त्याचं नाव ठेवलं, टिल्लू. मी शाळेच्या सुट्टीत दिवसभर घरी, पण पहाटेची आणि संध्याकाळची पाळी आईची. चिमट्यात खिम्याचा तुकडा धरायचा, चोचीवर टक् करायचं, की तोंड उघडायचं. नेहमीच्या खाटकाकडून ती चरबी काढलेला खिमा आणायची. कुणासाठी ते विचारलं तर म्हणायची, बाळासाठी. मार्गीनं जिवंत किडेही दिले होते, टुणटुण उडणारे, डब्यात. ते मारून द्यायचे होते. आई म्हणाली, "मी मुळीच नाही मारणार, तूच बघ." मी डबा उघडला, किंचाळले आणि डबा पडला. ते किडे पुढं महिनाभर आमच्या वॉशिंग मशीनच्या मागं गात होते. बाबा लॅपटॉप घेऊन मीटिंगला बसले की मागून किर्र सुरू. त्यांचे साहेब विचारायचे, तुम्ही कॅम्पिंगला गेलायत का? बाबा म्हणायचे, "नाही सर, फॅमिली मॅटर."

आणि फ्रीझरचा तो प्रसंग! मार्गीनं उंदरांचे बारीक केलेले तुकडे दिले होते, ते आईनं अर्थातच दह्याच्या रिकाम्या डब्यात भरले. आमच्या फ्रीझरमध्ये दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असायचं: ओलं खोबरं, मटार, पुरणही. पलीकडच्या गल्लीतल्या लेले काकू, निवृत्त डॉक्टर, पुण्याच्या, शुद्ध शाकाहारी, खोबरं संपलं म्हणून आल्या. आई वरून ओरडली, "घ्या ना काकू, फ्रीझरमध्ये पांढऱ्या डब्यात आहे." मी बाथरूममध्ये. बाहेर आले तर काकू डबा उघडून, चष्मा कपाळावर चढवून, अगदी जवळून पाहताहेत. मी मेलेच. काकू शांतपणे म्हणाल्या, "मेडिकल कॉलेजनंतर आज पाहते आहे हे. कशासाठी गं?" मी टिल्लू दाखवला. त्या दिवसापासून काकू रोज चारला यायच्या. खिम्याला हात लावायच्या नाहीत, पण चिमटा कसा धरावा हे मात्र मला शिकवायच्या. "मनगट सैल सोड, सैल!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी काकूंकडून शिकले, आणि तरी त्या नाही आल्या तर चुकल्यासारखं वाटायचं.

टिल्लूला पिसं आली. मोठ्यांसारखी काळी-पांढरी नाहीत, तपकिरी, भाजलेल्या पावावर लोणी पसरावं तशी. उडायला लागला. बाबांच्या टकलावर बसायचा. मार्गीनं मोठा पिंजरा दिला, तो आम्ही मागच्या खोलीत लावला आणि आत फांद्या टांगल्या. सगळं छान चाललं होतं, एक सोडून. टिल्लू स्वतः खाईना. ताटलीत ठेवलं तर बघायचा. तुकडा उचलायचा, फांदीवर आपटायचा, पाडायचा, आणि मग माझ्याकडे तोंड करून असा टाहो फोडायचा की जणू मीच तो पाडला. चिमट्यात धरलं की लगेच गट्ट. मार्गी येऊन बघून गेली. पिंजऱ्याच्या गजाला टेकून ती जे बोलली ते मला अजून आठवतं, कारण ती कधीच मऊ बोलायची नाही आणि त्या दिवशी मऊ बोलली. तिकडे त्याच्या आईबापांनी पुन्हा घरटं केलं होतं, अंडी होती. टिल्लू शाळा सुरू होईपर्यंत स्वतःचं स्वतः खायला लागला, तर त्याला त्या मोठ्या जाळीघरात सोडता येईल. तिथं झाडं होती, ओढा होता, उडायला जागा होती. नाही लागला, तर मग जन्मभर लहान पिंजरा. कुणीतरी चिमट्यानं भरवणार, शाळेच्या पोरांना दाखवायला नेणार. "त्यातही वाईट काही नाही," ती म्हणाली. पण तिचा चेहरा वेगळंच सांगत होता. मी त्या दिवशी जेवले नाही. टिल्लू माझ्याजवळ राहिला असता तर मला आनंदच झाला असता, ते कशाला नाकारू? पण ते दोन सूर मी ऐकले होते ना. त्या उंचीवर बसून गायचं सोडून हा काय, खोलीतल्या पंख्याकडे बघत बसणार?

मग घरात प्रयोग सुरू झाले. बाबांचा मुद्दा पक्का होता. "मला माहितेय हा पक्षी. आमच्या गावाबाहेर बाभळीवर असायचा, खाटीकच. टोळ पकडून काट्याला टोचून ठेवायचा. ह्याला काटा पाहिजे, काटा!" मी म्हणाले, बाबा, तो वेगळा, हा वेगळा, दोघांचं नातंही नाही, मार्गी म्हणाली की नुसती सवय सारखी. पण बाबा कुठले ऐकताहेत. नर्सरीतून गुलाबाची कुंडी आणली आणि पिंजऱ्यात ठेवली. काट्यांना स्वतःच्या हातानं खिम्याचे गोळे टोचले. टिल्लूनं एका काट्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि सगळ्या कळ्या खुडून टाकल्या. बाबांची तीन बोटं मात्र सोलली गेली. आईनं हळद लावता लावता विचारलं, "बाभूळ नव्हती का मिळत नर्सरीत?" काकूंनी सुचवलं, उपाशी ठेवा, खाईल आपोआप. तसं अर्धा दिवस ठेवलं. तो ओरडून ओरडून थकला आणि पिसं फुगवून बसला, तेव्हा आईनंच पहिल्यांदा हात टेकले. म्हणाली, "मले नाही पाहवत," आणि बारीक बारीक तुकडे करून त्याला भरवले.

आणि मग तो रविवार. मटण व्हायचं होतं. आई खाली बसून विळीवर कांदा चिरत होती, एक पाय विळीच्या पाटावर दाबलेला. मी समोर तंगड्या पसरून, तोंड पाडून बसलेली. टिल्लू खोलीतून बोंबलत होता. आई म्हणाली, ये, थोडी मदत कर, चीर कांदा. मी बसले, पण पाय नीट दाबला नाही. विळी सरकली, कांदा घसरला. आई खेकसली, "पाय दाब! हलत्या विळीवर काय चिरशील तू, बोट?" मी पाय दाबला. कांदा पात्यावर ओढला, दोन्ही हातांनी, आणि तो सरळ दुभंगला. आणि मी तशीच थांबले. अर्धा कांदा ह्या हातात, अर्धा त्या हातात. मी म्हणाले, "आई, त्याची विळी हलतेय."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिलाही कळलं, कारण ती उठली आणि तशीच, कांद्याचे हात न धुता, मागच्या खोलीत गेली. पिंजऱ्यातल्या सगळ्या फांद्या आम्ही तारेनं टांगल्या होत्या. खालून बोटानं ढकललं तरी झुलायच्या. बेचकं होतं, मार्गीनं सांगितल्याप्रमाणे होतं, पण त्यात तुकडा अडकवून तो ओढणार, तर फांदीच त्याच्याबरोबर येणार! चिमटा मात्र हलत नव्हता. आमचा हात हीच त्याची घट्ट जागा होती. "आणि मी पण शहाणीच," आई कपाळावर हात मारून म्हणाली, "बारीक चिरून चिरून देऊन राह्यली. गिळायचंच तर तोडायचं कशाला?" बाबांनी गॅरेजमधून करवत आणली. मागच्या अंगणातल्या ओकची एक जाडसर, बेचकं असलेली फांदी कापली, बोटाएवढ्या चिमटीची. ती आईच्या भाकरीच्या लाकडी पाटाला खालून स्क्रू मारून पक्की केली. आई म्हणाली, माझा पाट. पण म्हणाली तेवढंच. मग मटणाचा एक मोठा लांबट तुकडा, रश्शात जायच्या आधीचा, ताटलीत ठेवला. पाट तरी डुगडुगत होता, म्हणून आई पिंजऱ्याच्या दारात मांडी घालून बसली आणि हात आत घालून पाटाची कड दाबून धरली.

टिल्लूनं तुकडा उचलला. गिळता येईना, एवढा मोठा. आपटला. माझ्याकडे पाहून ओरडला. मी हललेच नाही. मग तो त्या फांदीवर गेला, तुकडा बेचक्यात ठेवला, ओढला, निसटला. पुन्हा उचलला. बाबा मागून कुजबुजले, "दाब, दाब," म्हणजे कुणाला कोण जाणे. दुसऱ्यांदा त्यानं तुकडा बेचक्यात खाली खुपसला, मान तिरकी केली आणि मागं झोकून ओढलं. टर्रकन फाटला! त्यालाच आश्चर्य वाटलं असावं. तो तुकडा चोचीत धरून नुसता बसला. मग गिळला. मग परत ओढलं. आई ओरडली, मी ओरडले, बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि त्या गडबडीत गॅसवरचा मसाला जळला आणि स्मोक अलार्म वाजला. कुणी टॉवेल घेऊन गेलंच नाही. काकू चारला आल्या तेव्हा त्यांना आम्ही तो खातो कसा ते परत परत दाखवलं. त्या रविवारी आम्ही जळका रस्सा खाल्ला आणि तो फार चांगला लागला.

ऑगस्टच्या शेवटी टिल्लू परत गेला. आधी शेजारच्या लहान जाळीत ठेवला, म्हणजे आईबापांना दिसेल. तोवर घरट्यात नवी पिल्लं आली होती. मार्गीनं स्पष्ट सांगितलं, की ते ह्याला ओळखतीलच असं नाही; घरट्याजवळ परका आला तर ते डोळ्यांवर झेप घेतात, तिची टोपी दोनदा फाडली होती. तसं झालं तर लगेच बाहेर काढायचा. ज्या दिवशी मधलं दार उघडायचं त्या दिवशी आई-बाबांनी रजा टाकली. आम्ही तिघं जाळीघराच्या बघायच्या खिडकीच्या काचेमागं उभे. आई चांगली साडी नेसली होती, आणि का असं विचारल्यावर ती म्हणाली, पोराला शाळेत सोडताना नेसत नाही का? दार उघडलं. टिल्लू बाहेर आला आणि पहिल्याच फांदीवर बसला. बाप सरळ त्याच्यावर आला, चोच कडाडली. आईनं माझा दंड एवढा दाबला की चार दिवस वळ होता. टिल्लूनं पंख खाली सोडले, थरथरवले आणि अगदी लहान पिल्लासारखा ओरडला. बाप थांबला. शेजारी बसला. त्याच्याकडे एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं आणि काही न करता उडून गेला.

मग टिल्लू ताटलीवर उतरला. मोठा तुकडा उचलला, खऱ्या झाडाच्या खऱ्या बेचक्यात अडकवला आणि एका झटक्यात तोडला. आई पुटपुटली, "खा रे बाळा, खा." त्यानं खाल्लं नाही. तुकडा चोचीत घेऊन तो वर गेला, घरट्याच्या काठावर. आम्हाला वाटलं संपलं आता. पण घरट्यातली मादी जराशी सरकली, दोन लाल तोंडं वर आली, आणि टिल्लूनं, ज्याला सहा आठवडे आम्ही दर अर्ध्या तासाला भरवत होतो त्यानं, तो तुकडा एका तोंडात खोल कोंबला. मार्गी नाक पुसत म्हणाली, ह्या पक्ष्यांत मोठी भावंडं असं करतात, आईबापांजवळ राहून धाकट्यांना भरवतात. पण ह्यानं ते कुठं पाहिलं, कोण जाणे. मी खुशीनं रडत होते. तो खाली आला, दुसरा तुकडा तोडला आणि तोही वर नेला.

मार्गी म्हणाली, चला, आता त्यांना एकटं सोडू या. आई काचेपासून हलेना. "त्यानं स्वतः कुठं खाल्लं अजून?" ती म्हणाली, आणि साडीच्या पदरानं काच पुसून परत उभी राहिली. आम्ही तिघंही तिच्या मागं उभे राहिलो. टिल्लू पुन्हा उतरला, अडकवला, ओढला. ह्या वेळी तो वर गेला नाही. मान मागं टाकून त्यानं तुकडा गिळला, चोच दोन्ही बाजूंनी फांदीवर पुसली. तेव्हा आई वळली आणि म्हणाली, "चला, आता आपण जेवून घेऊ."